डेटाबेस सर्व्हरचं लायसन्स: खान्देशातल्या छोट्या धंदेवाल्यांनी काय बघायचं, काय विचारायचं

कोटेशनमध्ये "एसक्यूएल सर्व्हर – १ नग" एवढी एकच ओळ असेल, तर त्यावर सही करू नका. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, म्हणजे धंद्याच्या सगळ्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि डेटाबेसचं लायसन्स नगावर मिळत नाही. ते माणसांवर, मशीनवर किंवा प्रोसेसरच्या कोअरवर (त्यातल्या काम करणाऱ्या भागांवर) मोजतात, आणि तुमच्याकडे यातलं काय मोजायचं हे ठरल्याशिवाय किमतीला काही अर्थ नसतो. आधी मोजणी, मग भाव. हा क्रम उलटा झाला की एकतर गरज नसताना लाखभर रुपये जातात, नाहीतर आपण बेकायदा वापर करतोय हेही मालकाला कळत नाही. दोन्ही प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतात आणि दोन्ही टाळता येतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डाळ मिल, जिनिंग, केळी ग्रुप, मिरचीचा व्यापार, सराफी पेढी, हॉस्पिटल, पाइपचा छोटा कारखाना अशा सगळ्या ठिकाणी आता बिलिंग, वजनकाटा, आवक-जावक, हिशेबपट्टी सॉफ्टवेअरवर चालते. सॉफ्टवेअर स्क्रीनवर दिसतं, पण त्याच्या खाली सगळ्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर वेगळा असतो आणि त्याचं लायसन्सही वेगळं असतं. बिलिंग सॉफ्टवेअरचे पैसे भरले म्हणजे खालच्या डेटाबेसचेही भरले, असं धरून चालू नका.

तुमच्याकडे फक्त टॅली असेल तर हा लेख तुम्हाला फारसा लागणार नाही. टॅली आपला डेटा स्वतःच्या पद्धतीने ठेवते, तिला वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही. एका कॉम्प्युटरला सिल्व्हर आणि लॅनवर अनेकांना गोल्ड, एवढाच तिचा हिशेब. पण टॅलीच्या शेजारी काट्याचं किंवा स्टॉकचं दुसरं सॉफ्टवेअर असेल, तर पुढे वाचा.

पहिली पायरी: आत्ता काय बसवलंय ते बघा

सर्व्हर म्हणून जो कॉम्प्युटर चालतो त्याच्यावर बसा. विंडोजच्या स्टार्टमध्ये "सर्व्हिसेस" टाइप करा, यादी उघडेल. त्यात "एसक्यूएल सर्व्हर" दिसलं आणि कंसात "एसक्यूएलएक्सप्रेस" लिहिलेलं असलं, तर बहुतेक मोफत आवृत्ती आहे. बहुतेकच म्हणतो, कारण कंसातलं नाव हे बसवताना दिलेलं नाव असतं, तो पुरावा नाही. खात्री करायची तर मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर) उघडून सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज घ्या आणि पहिल्याच पानावर आवृत्तीचं नाव वाचा. एक्सप्रेस, स्टँडर्ड, एंटरप्राइझ, डेव्हलपर किंवा इव्हॅल्युएशन, यांपैकी एक शब्द तिथे असतो. तो कागदावर लिहून ठेवा.

"डेव्हलपर" दिसलं तर लगेच थांबा. ही आवृत्ती मोफत मिळते आणि तिच्यात एंटरप्राइझची सगळी ताकद असते. म्हणून घाईतला इंजिनिअर ती बसवून मोकळा होतो. पण तिची परवानगी फक्त सॉफ्टवेअर बनवायला आणि तपासायला आहे. तिच्यावर एक जरी खरं बिल निघालं तरी तो बेकायदा वापर झाला. "इव्हॅल्युएशन" असेल तर गोष्ट आणखी तातडीची आहे. ती १८० दिवस चालते, मुदत संपली की सर्व्हिस सुरूच होत नाही. दिवाळीच्या आधी बसवलेली आवृत्ती उन्हाळ्यात बंद पडते. त्या दिवशी काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते आणि "काय झालं भो?" विचारायला फोनवर कुणी सापडत नाही.

दुसरी पायरी: एक्सप्रेसवर भागतं का?

माझं स्पष्ट मत सांगतो. खान्देशातल्या बऱ्याच छोट्या धंद्यांना मोफत एक्सप्रेस पुरते आणि विकत घेण्याआधी ती पुरेल का हे तपासणं मालकाचा हक्क आहे. एक्सप्रेसवर खरा धंदा चालवायला पूर्ण परवानगी आहे. तिला लायसन्सचे पैसे नाहीत, माणसांची मोजणी नाही.

बंधनं आहेत ती अशी. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसची कमाल मर्यादा १० जीबी, डेटा मेमरीत ठेवायला सुमारे १.४ जीबी, आणि प्रोसेसर एकच किंवा त्याचे ४ कोअर, जे कमी असेल ते. २०२५ च्या आवृत्तीत ही १० जीबीची मर्यादा ५० जीबी झाली आहे. शिवाय रोजचा बॅकअप आपोआप घेणारा "एजंट" एक्सप्रेसमध्ये नसतो. तो बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावून घ्यावा लागतो. लावणाऱ्याला फार वेळ लागत नाही, पण सांगितल्याशिवाय कुणी लावत नाही, म्हणून मुद्दाम सांगा.

१० जीबी म्हणजे किती, हे समजून घ्या. निव्वळ आकडे आणि नावं असतील तर बिलांच्या नोंदींना १० जीबी भरायला वर्षं लागतात. डेटाबेस फुगतो तो फोटोंनी. ट्रकचा फोटो, आधार कार्डाचं स्कॅन, पावतीची पीडीएफ हे सगळं काही सॉफ्टवेअर डेटाबेसच्या पोटात भरत जातात. तेच फोटो बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगितले की अर्धा प्रश्न सुटतो. आणखी एक गोष्ट: मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी असते, पूर्ण सर्व्हरला नाही. आपल्याकडची बरीच सॉफ्टवेअर दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस काढतात, त्यामुळे दर १ एप्रिलला मोजणी पुन्हा शून्यावर येते. मर्यादेत फक्त डेटाची फाइल धरतात, लॉगची (झालेल्या बदलांच्या नोंदीची) फाइल नाही.

मर्यादा भरली की नवी नोंद जात नाही आणि १८२७ क्रमांकाची चूक येते. तिच्यात १०२४० एमबीची लायसन्स मर्यादा ओलांडली जाईल असा मजकूर असतो. तोपर्यंत थांबू नका. डेटाची फाइल ७ जीबीला पोचली की व्हेंडरशी बोलायला बसा.

तिसरी पायरी: विकत घ्यायचंच असेल तर आधी मोजा

एक्सप्रेस पुरत नाही असं ठरलं की स्टँडर्ड आवृत्तीची वेळ येते. एंटरप्राइझचं नाव कुणी काढलं तर कारण लेखी मागा. आपल्या आकाराच्या धंद्याला ती लागत नाही.

स्टँडर्ड दोन पद्धतीने मिळते. एकात सर्व्हरचं एक लायसन्स घ्यायचं आणि त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे एक प्रवेश-परवाना घ्यायचा. याला सगळे "कॅल" म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत प्रोसेसरचे कोअर मोजायचे, मग माणसं कितीही असोत.

कॅलमध्ये माणसाचं घ्यायचं की मशीनचं, इथेच खरी बचत असते. जामनेर किंवा बोदवडकडची एखादी जिनिंग घ्या. कपाशीचा सीझन चालू आहे. गेटवर एक कॉम्प्युटर, काट्यावर एक, ग्रेडिंगला एक, ऑफिसात तीन. मशीन ६ झाल्या. पण पाळ्या लागतात, म्हणून त्याच मशीनवर बसणारी माणसं १४ आहेत. इथे मशीनचं कॅल घ्यायचं. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या यादीप्रमाणे २०२२ स्टँडर्डचं सर्व्हर लायसन्स ९८९ डॉलर आणि एक कॅल २३० डॉलर. मशीन धरल्या तर ९८९ अधिक ६ गुणिले २३०, म्हणजे २,३६९ डॉलर. माणसं धरली तर ४,२०९ डॉलर. एकच जिनिंग, एकच सर्व्हर, आणि फरक १,८४० डॉलरचा. रुपयातला भाव डीलर सांगेल आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागेल. पण हिशेबाची रीत हीच राहते.

आता उलटं उदाहरण. धुळ्याचा एखादा घाऊक व्यापारी आहे. त्याचे चार सेल्समन ऑफिसात डेस्कटॉपवर बसतात, गावोगाव लॅपटॉप नेतात आणि मोबाइलवरही ऑर्डर टाकतात. माणसं चार आणि मशीन बारा. इथे माणसाचं कॅल घ्यायचं. दोन्ही प्रकार एकाच धंद्यात एकत्र चालतात. काट्यावर मशीनचं आणि सेल्समनला माणसाचं घ्यायला काही हरकत नाही.

एकदा घेतलेलं कॅल तुमच्या फर्मच्या सगळ्या एसक्यूएल सर्व्हरना चालतं. भुसावळच्या शाखेत दुसरा सर्व्हर बसवला तर त्या सर्व्हरचं लायसन्स वेगळं लागेल, पण तीच माणसं तिकडे जोडली तर त्यांना पुन्हा कॅल लागत नाही. कामगार सोडून गेला तर त्याचं कॅल नव्या माणसाला देता येतं. पाळी बदलली म्हणून रोज या हातातून त्या हातात मात्र फिरवता येत नाही.

हेही लक्षात असू द्या की कॅल हे कागदावरचं असतं. सातवी मशीन जोडली म्हणून सर्व्हर अडवत नाही. अडवत नाही म्हणजे चालतं, असा अर्थ कुणी काढू नये. मोजणी सांभाळायची जबाबदारी आपलीच आहे.

"एकाच लॉगिनने सगळे चालतात, मग एकच कॅल"

हे वाक्य तुम्ही ऐकाल आणि ते चूक आहे. बरीच सॉफ्टवेअर डेटाबेसला एकाच पासवर्डने जोडतात आणि वर पंचवीस माणसं काम करतात. मोजायची ती ही पंचवीस माणसं. मध्ये वेबसाइट असो, मोबाइल अॅप असो की आणखी काही, शेवटी डेटापर्यंत जो पोचतो तो प्रत्येक जण मोजला जातो.

याचा सगळ्यात मोठा फटका केळीच्या धंद्यात बसू शकतो. समजा रावेर-सावद्याच्या एखाद्या ग्रुपने ठरवलं की शेतकऱ्याला त्याची हिशेबपट्टी अॅपवर बघता यावी. कल्पना चांगलीच आहे. पण शेकडो शेतकरी अॅपमधून थेट डेटाबेसपर्यंत पोचले की प्रत्येकाला कॅल लागेल, आणि ते परवडणारं नाही. अशा वेळी अॅप द्यायचंच तर दोनच सरळ वाटा राहतात: कोअरवर लायसन्स घ्या, नाहीतर अॅपसाठी मोफत डेटाबेस वापरा. तिसरी वाट जुनीच आहे आणि ती चालते. ऑफिसातल्या मुनीमजींनी पट्टीची पीडीएफ काढून शेतकऱ्याला व्हॉट्सअॅपवर स्वतः पाठवली, तर त्या शेतकऱ्याला कॅल लागत नाही. हेच काम सॉफ्टवेअर आपोआप करू लागलं की मोजणी बदलते.

कोअरचा हिशेब

कोअरचं लायसन्स दोन-दोनच्या जोडीने विकतात आणि एका प्रोसेसरला किमान ४ कोअर घ्यावेच लागतात. यादीत स्टँडर्डची एक जोडी ३,९४५ डॉलर. म्हणजे सुरुवातच ७,८९० डॉलरपासून. वरच्या हिशेबाशी जुळवून बघा: ९८९ अधिक ३० कॅल म्हणजे ७,८८९ डॉलर. म्हणून ४ कोअरच्या मशीनवर तीस माणसं किंवा तीस मशीनपर्यंत कॅल, आणि त्याच्या वर कोअर, हा ठोकताळा धरायला हरकत नाही.

पण तो ४ कोअरपुरताच. डीलर सांगतो, "आप्पा, पुढच्या दहा वर्षांचं बघा, सोळा कोअरचा सर्व्हर घ्या." मशीन थोडी महाग पडते, ते चालतं. पण कोअरवर लायसन्स घेणार असाल तर त्या मशीनचे सगळे सोळा कोअर मोजले जातात आणि तोच आकडा ३१,५६० डॉलरवर जातो. म्हणून सर्व्हर घेण्याआधी लायसन्स ठरवा. कमी कोअरचा पण जास्त वेगाचा प्रोसेसर आपल्या कामाला चांगला. मशीन व्हर्च्युअल करून (म्हणजे सॉफ्टवेअरने तिच्या आत छोटी मशीन बनवून) त्यातले चारच कोअर मोजायचे असतील, तर २०२२ च्या आवृत्तीपासून त्यासाठी सॉफ्टवेअर अॅश्युरन्स (लायसन्सवर वेगळे पैसे भरून घ्यायची मायक्रोसॉफ्टची सेवा) किंवा वार्षिक वर्गणी लागते. साध्या लायसन्सवर ते चालत नाही.

खालच्या विंडोजचं काय?

डेटाबेस विंडोज सर्व्हरवर असेल तर त्या विंडोजचंही वेगळं लायसन्स असतं. तेही कोअरवर मोजतात, एका सर्व्हरला किमान १६ कोअर. आणि त्याचंही वेगळं कॅल असतं. एसक्यूएलचं कॅल विंडोजला चालत नाही, विंडोजचं एसक्यूएलला चालत नाही. कोटेशनमध्ये चार ओळी दिसायला हव्यात: विंडोज सर्व्हर, विंडोज कॅल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूएल कॅल. यातली एखादी नसेल तर का नाही, ते विचारा.

मोफत डेटाबेसचा रस्ता

पोस्टग्रेएसक्यूएलला लायसन्सची फी नाही, कॅल नाही, कोअर मोजायचे नाहीत, आकाराची मर्यादा धंद्याला जाणवेल अशी नाही. मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती आणि तिच्यातून २००९ मध्ये वेगळा निघालेला मारियाडीबी, हेही तसेच. दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली मिळतात. दुकानात, मिलमध्ये वापरणाऱ्याला जीपीएलची काहीच अडचण नाही. अडचण येऊ शकते ती सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्याला. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या पोराने स्वतःचं बंदिस्त सॉफ्टवेअर बनवलं आणि त्यासोबत मायएसक्यूएल भरून गिऱ्हाइकाला दिलं, तर त्याने मायएसक्यूएलची मालक कंपनी ओरॅकल, तिच्या व्यावसायिक लायसन्सची अट आधी वाचायला हवी. पोस्टग्रेएसक्यूएलच्या लायसन्समध्ये असं बंधन नाही, म्हणून नवीन सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी त्याचंच नाव सुचवतो.

अट एकच. तुमचं सॉफ्टवेअर त्या डेटाबेसवर चालायला हवं. तयार सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरसाठी लिहिलेलं असेल तर खालचा डेटाबेस बदलून चालत नाही. आणि सांभाळायला माणूस लागतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. त्या लावणार कोण, हे करारात लिहून घ्या.

ओरॅकलच्या स्वतःच्या डेटाबेसबद्दल थोडक्यात. आपल्या आकाराच्या धंद्यात ते क्वचित येतं. त्याची मोफत एक्सप्रेस आवृत्ती आहे, २१सी मध्ये १२ जीबी डेटापर्यंत. विकतच्या स्टँडर्ड एडिशन २ ला एका सर्व्हरमागे वापरणाऱ्यांच्या नावावरचे किमान १० परवाने घ्यावे लागतात, आणि दर वर्षी सपोर्टचे २२ टक्के वेगळे. सॉफ्टवेअरवाला ओरॅकलच हवं म्हणत असेल तर ही दर वर्षाची रक्कम पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

स्वस्तातली "की"

ऑनलाइन हजार-दोन हजारात स्टँडर्डची "की" मिळते. ती टाकली की सॉफ्टवेअर चालूही होतं. पण की म्हणजे लायसन्स नाही. लायसन्स म्हणजे तुमच्या फर्मच्या नावाचा हक्क, आणि तो बिलाने आणि कराराने सिद्ध होतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-बी प्रमाणे, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यातल्या फायद्यासाठी वापर असेल तर हे अधिकच गंभीर. एवढ्या जोखमीपेक्षा मोफत एक्सप्रेस कितीतरी बरी. ती असताना चोरीचं स्टँडर्ड वापरायचं कारणच मला दिसत नाही.

व्हेंडरला विचारायचे प्रश्न

समोर बसून विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. कोणती आवृत्ती, कोणत्या वर्षाची? मोजणी माणसांवर, मशीनवर की कोअरवर? आकडा किती धरला आणि कसा? बिल कुणाच्या नावावर येणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुष्कळदा व्हेंडर स्वतःच्या नावावर लायसन्स घेतो आणि गिऱ्हाइकाकडे बसवतो. पुढे त्याच्याशी बिनसलं की मालकाच्या हातात काहीच राहत नाही. बिलावर तुमच्या फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर हवाच. नोंदणी असेल तर त्यावर इनपुट क्रेडिट मिळतं आणि सॉफ्टवेअरवर ४० टक्के घसाराही धरता येतो. ते तुमचे सीए बघतील.

व्हेंडर "रनटाइम लायसन्स" म्हणाला तर ते कायदेशीर असतं आणि स्वस्तही पडतं. पण ते फक्त त्याच्याच सॉफ्टवेअरला चालतं. त्याच डेटाबेस सर्व्हरवर उद्या हजेरीचं दुसरं सॉफ्टवेअर बसवता येणार नाही. कोटेशनवर तसा उल्लेख करून घ्या.

फाइलमध्ये काय ठेवायचं

बिल, लायसन्सचा करार किंवा प्रमाणपत्र, व्हॉल्यूम लायसन्सिंगचं (कंपनीशी करार करून एकत्र लायसन्स घेण्याचं) खातं असेल तर त्याचा लॉगिन मालकाच्या ईमेलवर, आणि आपण केलेली मोजणी: तारीख, मशीनची यादी, माणसांची यादी. व्हॉल्यूम लायसन्सच्या करारात कंपनीला तपासणीचा हक्क असतो. अशी विचारणा आली तर हाच कागद कामाला येतो. सीझन सुरू होताना नवीन कॉम्प्युटर आणि हंगामी माणसं वाढतात, मोजणी तेव्हाच ताजी करा.

त्याच फाइलमध्ये आवृत्तीची शेवटची तारीख लिहा. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपला. २०१६ ची तारीख १४ जुलै २०२६, २०१९ ची ८ जानेवारी २०३० आणि २०२२ ची ११ जानेवारी २०३३. तारखेनंतर सर्व्हर बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. नवी आवृत्ती घेताना हेही बघा की जुन्या वर्षाचं कॅल नव्या सर्व्हरला चालत नाही. नवं कॅल मात्र जुन्या सर्व्हरला चालतं. म्हणून आज कॅल विकत घ्यायचंच असेल आणि सर्व्हर जुन्या आवृत्तीवर असेल, तरी कॅल ताज्या वर्षाचंच मागा.